साडेसात मीटरच्या रस्त्यावर आठ फ्लॅट?

प्रश्न : नाशिकच्या इंदिरानगरमध्ये सासऱ्यांनी 1992 साली घेतलेला 300 चौरस मीटरचा मोकळा प्लॉट आता माझ्या पतीच्या एकट्याच्या नावावर आहे. समोर साडेसात मीटरचा रस्ता, आजूबाजूला बंगले. एक बिल्डर आठ फ्लॅट बांधून (प्रत्येकी 1,050 चौरस फूट बिल्टअप) चार आम्हाला आणि वर 15 लाख देतो म्हणतो. थेट विकला तर 1 कोटी 55 लाख येतील. स्वतः बांधून भाड्याने द्यावे असेही मनात आहे. आम्ही दोघे 58 वर्षांचे, राहता फ्लॅट आहे, शिल्लक 70 लाख, दोन वर्षांनी निवृत्ती. काय करावे?

उत्तर : बिल्डरची ऑफर सगळ्यांत गोड दिसते, म्हणून आधी तीच तपासू.

2020पासून लागू असलेल्या यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीत दाट वस्तीबाहेरच्या भागात मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते ते प्रमाण) 1.10 आहे. प्रीमियम एफएसआय (महापालिकेला पैसे भरून मिळणारा) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) हे दोन्ही रस्ता किमान 9 मीटर असेल तरच मिळतात. म्हणजे तुमच्या प्लॉटवर 330 चौरस मीटर, त्यावर प्रीमियम भरून 60 टक्के अॅन्सिलरी, म्हणजे जिना-बाल्कनीसारख्या पूरक भागांसाठीचा जादा एफएसआय. एकूण 528 चौरस मीटर, साधारण 5,680 चौरस फूट. जिना, लॉबी, बाल्कनी, भिंती सगळे यातच. आठ फ्लॅटना 8,400 चौरस फूट लागतात. ते इथे बसत नाहीत. एक तर बिल्डरने रस्ता 9 मीटरचा होईल असे गृहीत धरले आहे, नाहीतर पुढे ‘नकाशा बदलला’ म्हणून चारचे दोन होणार आहेत. दोन्ही शक्यता त्याला स्पष्ट विचारा.

पहिली शक्यता अगदीच हवेतली नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम 210खाली रस्त्याची रेषा आखून रुंदी वाढवता येते. दोन्ही बाजूंनी पाऊण मीटर गेले आणि तुमची दर्शनी बाजू 15 मीटर असेल तर जेमतेम 11 चौरस मीटर जागा जाईल. एफएसआयची कमाल मर्यादा (अॅन्सिलरी सोडून) मात्र 1.10वरून 2.00वर जाते. अर्थात ती रेषा महापालिकेने रीतसर मंजूर केलेली हवी. ‘होऊन जाईल साहेब’ यावर करार करू नये. शिवाय 2.00 मिळाला तरी 300 चौरस मीटरच्या प्लॉटवर तो सगळा वापरता येईलच असे नाही. इमारत उंच गेली की सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) वाढते, आणि स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांवरच्या मोकळ्या मजल्यात, गाड्या बसल्या नाहीत की नकाशा अडतो.

आता रस्ता साडेसातच राहिला तर बिल्डरचे गणित त्याच्या बाजूने करून पाहा. निम्मे, म्हणजे 2,840 चौरस फूट, त्याच्या वाट्याला. 6,500 रुपये दर धरला तर सुमारे 1 कोटी 85 लाख. संपूर्ण बांधकाम 2,200 रुपयांनी सव्वा कोटी. लिफ्ट, पार्किंग, प्रीमियम, मुद्रांक शुल्क, फी मिळून 30 लाख. तुमचे 15 लाख. हातात उरतात 15 लाख, तेही व्याज धरण्याआधी, दोन वर्षांच्या कामात. इतक्या कमी नफ्याचे काम दुसऱ्या स्लॅबला थांबते. छोट्या प्लॉटवर जमीनमालकाला जास्तीत जास्त देणारी ऑफर हीच बहुतेक वेळा सर्वांत धोक्याची असते. त्यातून तुमचा प्लॉट 500 चौरस मीटरच्या आत असल्याने महारेरा या गृहप्रकल्पांच्या नियामकाकडे नोंदणीची सक्ती नाही. ग्राहकांचे 70 टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधनही मग नाही.

बिल्डरशी होणाऱ्या विकसन करारात करही विसरू नका. नोंदणीकृत करार असेल तर व्यक्तीला भांडवली नफ्याचा कर पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याच्या वर्षी लागतो, आणि तुमच्या फ्लॅटची किंमत त्या दिवसाच्या रेडी रेकनरने (सरकारी बाजारमूल्य दराने) धरतात. हातात फ्लॅट आणि कर मात्र रोखीत. बिल्डरकडून येणारी रक्कम त्यासाठी बाजूला ठेवावी लागेल. त्यातूनही 10 टक्के टीडीएस कापला जाईल. दाखल्याआधी तुमचा वाटा विकलात तर कर दाखल्यापर्यंत पुढे ढकलण्याची ही सवलत जाते. तुमच्या फ्लॅटवरचा जीएसटी कोण भरणार, हे करारात लिहिलेले नसेल तर ताबा देताना वाद ठरलेला.

स्वतः बांधण्याचा विचार सोडा. 2,300 रुपये दराने खर्च 1 कोटी 30 लाख. सगळी शिल्लक घातली तरी 60 लाखांचे कर्ज. साडेआठ टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता 74,400. चार फ्लॅटचे भाडे 15 हजारांनी 60 हजार, तेही दीड वर्षाने सुरू होणार. निवृत्तीत हे ओझे नको.

थेट विक्रीत 1 एप्रिल 2001ची किंमत खरेदीचा खर्च म्हणून धरता येते, मात्र रेडी रेकनरच्या मर्यादेत. ती 6 लाख निघाली असे समजा. नफा 149 लाख. साडेबारा टक्के, त्यावर अधिभार आणि सेस मिळून सुमारे 22 लाख कर. महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा पर्याय घेतलात तर कर उलट वाढतो. सहा महिन्यांत आरईसी, पीएफसी या सरकारी कंपन्यांच्या भांडवली नफा रोख्यांत 50 लाख घातले (पाच वर्षे अडकतात) तर साडेसात लाखांच्या आसपास वाचतील. रोखे न घेता पूर्ण कर भरला तरी हातात येणाऱ्या 1 कोटी 33 लाखांवर सात टक्क्यांनी महिन्याला साधारण 77 हजार, करपूर्व. विकसनातून साडेसात मीटरच्या रस्त्यावर मिळणाऱ्या दोन फ्लॅटचे भाडे मात्र 30 हजार.

म्हणून रस्ता साडेसातच असेल तर माझे मत विक्रीचे. पण आधी शेजाऱ्यांना विचारा. लागून असलेल्या बंगलेवाल्याला तुमचा प्लॉट एकत्रीकरण करून घेता येतो, मधली सामासिक जागा मोकळी होते, आणि त्यासाठी तो बाहेरच्यापेक्षा जास्त देऊ शकतो.

रस्ता 9 मीटरचा मंजूर निघाला तर विकसनाचा विचार जरूर करा. करारात जागेचा ताबा न देता फक्त बांधकामासाठी प्रवेश द्या, कुलमुखत्यारपत्र मंजुरीच्या कामापुरते ठेवा, प्लॉट गहाण टाकायला मनाई लिहा आणि बिल्डरच्या वाट्याची विक्री स्लॅबच्या टप्प्यांना बांधा.

पुढच्या महिन्याभरात भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी, नगररचना विभागाकडून झोन दाखला (जागा कोणत्या वापराच्या विभागात येते त्याचा) आणि रस्त्याच्या रुंदीचे लेखी उत्तर घ्या. मोकळ्या प्लॉटच्या कडेला शेजाऱ्यांच्या गाड्या आणि कुंड्या हमखास सरकलेल्या असतात. मोजणीनंतर लगेच तारेचे कुंपण आणि नावाची पाटी लावा. तोवर बिल्डरकडून टोकन घेऊ नका.