निवृत्ती एकाची, स्थलांतर तिघांचे

अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षे काढलेली मराठी कुटुंबे मला एक प्रश्न वारंवार विचारतात: इथल्या बचतीवर पुण्यात सुखाने राहता येत असेल, तर साठीची वाट कशाला पाहायची? हिशेब बहुधा बरोबर असतो. पण तो एकट्यानेच मांडलेला असतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाबद्दल लिहिते.

गृहस्थ चोपन्न वर्षांचे, मधुमेही आणि नोकरीला विटलेले होते. त्यांनी पुण्यातल्या खर्चाचा तक्ता आणला होता, त्यात दूध, स्वयंपाकाच्या बाई, ड्रायव्हर, सोसायटीचा मेंटेनन्स असे सारे होते. दहावीतल्या मुलीच्या नावापुढे मात्र एकच नोंद होती: शाळेची फी. तिला डॉक्टर व्हायचे आहे आणि ते शिक्षण भारतात स्वस्तात होईल, हे त्यांनी गृहीत धरले होते.

पुढच्या बैठकीत मुलीने बराच वेळ कॅमेरा बंद ठेवला आणि मग विचारले, ''मी तिथे कितवीत बसणार, आणि मला ॲडमिशन कुठल्या कोट्यातून मिळणार?'' आईवडिलांपैकी कुणालाच उत्तर देता आले नाही. ती अमेरिकन नागरिक आहे आणि तिचे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते) अलीकडेच काढलेले आहे. भारत सरकारच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर अशा मुलांना ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसारख्या परीक्षांतून अनिवासी भारतीयांच्या किंवा अधिसंख्य (म्हणजे ठरलेल्या संख्येबाहेरच्या वाढीव) जागांवरच प्रवेश मिळतो, आणि तिथली फी सर्वसाधारण जागांपेक्षा कितीतरी जास्त असते. उलट, पालकांनी न्यू जर्सी सोडले की तिथल्या सरकारी विद्यापीठातली रहिवाशांसाठीची फी-सवलतही बहुधा हातची जाते. पोरीने नेमक्या जागी बोट ठेवले होते, आणि तिला आधीच विचारले असते तर घरातले कित्येक महिन्यांचे अबोले टळले असते, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर आई प्रथमच मोकळेपणाने बोलल्या. ''यांची निवृत्ती होईल हो, पण माझी चांगली चाललेली नोकरी सुटेल आणि सासरची सगळी दुखणीखुपणी माझ्याकडे येतील.'' यजमान हे ऐकून गप्प झाले. हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता.

आरोग्याच्या बाबतीत मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, पासष्टीला मिळतो आणि त्यातून भारतातल्या उपचारांचा खर्च सहसा भागत नाही. शिवाय भारतातल्या विमा पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, म्हणून पॉलिसीची चौकशी परतण्याच्या बऱ्याच आधी करावी.

मुलीची बारावी होईपर्यंत मुक्काम हलवायचा नाही, एवढे तिघांनी मिळून ठरवले आहे. त्याआधी एका पावसाळ्यात नातेवाइकांकडे न उतरता स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायचे आणि त्या मुक्कामात आईंनी पुण्यात आपल्याजोगे काम मिळते का ते पाहायचे, असे ठरते आहे. ते न मिळाल्यास काय करायचे, यावर आमच्या बैठका अजून चालू आहेत.