कॉम्प्युटर गेला म्हणण्याआधी

प्रश्न : माझी १९९१ ची टोयोटा एमआर२ आहे. चेक इंजिनचा दिवा लागतो, पण बेळगावातला एकही स्कॅनर तिला लागत नाही. दोष कसा कळणार? (टिळकवाडी)

ती तिचा दोष दिव्यातूनच सांगते. गाडी बंद असताना डायग्नोसिसच्या (दोष तपासायच्या) डबीत टीई१ आणि ई१ या पिना छोट्या वायरीने जोडा. पिनांची नावं झाकणावर असतात, ती वाचल्याशिवाय वायर लावू नका. मग इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवा आणि लुकलुक मोजा. दोनदा, थोडा थांबून पुन्हा दोनदा, म्हणजे २२ : पाण्याच्या तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर. सेन्सर काढून मल्टीमीटर ओमवर लावा. २० अंशाला २ ते ३ किलोओम, ८० अंशाला ०.२ ते ०.४ यायला हवेत. पातेल्यात पाणी तापवून हे घरीच बघता येतं.

प्रश्न : माझीही त्याच काळातली गाडी. पावसात जांबोटीकडे निघालं की झटके देते, मधेच बंद पडते. मिस्त्री म्हणतात, इंजिनचा कॉम्प्युटर बदला. (खानापूर)

आत्ता अजिबात बदलू नका! ओलीत बिघडतं आणि वाळलं की सुधारतं, तिथे माझा पहिला संशय प्लगच्या वायरींवर आणि अर्थिंगवर. स्टार्टर फिरत असताना बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिनचा धातू यांच्यात मीटर धरा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं, तर अर्थच्या वायरीचा बोल्ट सोडा. रिंगेखाली हिरवट बुरा दिसला तर पॉलिश पेपरने चकचकीत घासा.

मग चावी फिरवून सेन्सरच्या सॉकेटात ५ व्होल्ट येतात का बघा. येत नसले तरी कॉम्प्युटरला दोष देऊ नका. शॉर्ट झालेला एकच सेन्सर सगळ्यांचे व्होल्ट खाली ओढतो. एकेक सॉकेट काढत जा. ज्याच्यापाशी ५ परत आले, तोच चोर. एवढं न करता कुणी महागडा डबा विकायला निघालं, की मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : कॉम्प्युटरचा डबा उघडला तर मासळीसारखा वास आला. (निपाणी)

मग मात्र बिघाड डब्यातच आहे. बोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) गळलेत, तो रस तांब्याच्या रेघा खातो. त्याच मायक्रोफॅरॅडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंश तापमान सोसणारे नवे घाला. आधी बोर्ड स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा. सोल्डरिंग टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या हाताकडून घ्या, गॅरेजात नको.

प्रश्न : सायलेन्सरला वेल्डिंग करताना बॅटरी काढावी का? (चिकोडी)

काढावीच, आधी निगेटिव्ह. कॉम्प्युटरचं सॉकेटही काढा, आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप जोडाच्या अगदी जवळ लावायला सांगा.