प्रवासाचा सल्ला : वरच्या बर्थवर कोण चढणार?

प्रश्न : ताई, आम्ही दोघं नाशिक रोडचे. सध्या लेकीकडे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आलो आहोत. पुढच्या महिन्यात मुलाकडे सॅन होजेला जायचंय. ह्यांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, त्यामुळे विमानाचं नाव काढलं की चेहरा पडतो. 'शिकागोपासून कॅलिफोर्नियापर्यंत स्लीपरनं जाऊ, खिडकीतून अमेरिका बघू' असा हट्ट धरलाय. लेक म्हणते, चार-साडेचार तासांचं विमान सोडून दोन रात्री गाडीत कशाला काढायच्या? माझे गुडघे धरलेले आहेत, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं आणि आम्ही शाकाहारी, अंडंही चालत नाही. जावं की नाही, एका शब्दात सांगा.
— सौ. वि. कु.

उत्तर : एका शब्दात सांगायचं तर, जा. पण तिकीट काढायच्या आधी वरच्या बर्थवर कोण झोपणार, ते घरात बसून ठरवा. डोंगर, नद्या, जेवणखाण, सगळं त्याच्यानंतर.

तुमचे 'हे' म्हणताहेत ती गाडी म्हणजे ॲमट्रॅकची (इथली प्रवासी रेल्वे कंपनी) 'कॅलिफोर्निया झेफर', पश्चिमेकडे जाणारी ५ नंबरची. रोज दुपारी २ च्या सुमाराला शिकागोच्या युनियन स्टेशनातून सुटते आणि तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर एमरीव्हिलला पोचते. एमरीव्हिल म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या समोरचा, खाडीचा अलीकडचा काठ. अंतर ३,९०० किलोमीटरच्या वर, वेळ सुमारे ५२ तास. वेळेवर चालली तर, हे आत्ताच सांगून ठेवते.

मी ऑरोराला राहते, म्हणजे तुमच्या लेकीच्या शेजारच्याच गावात. ही गाडी नेपरव्हिललाही थांबते, त्यामुळे तिथूनच चढायचा मोह होईल. तुम्ही मात्र शिकागोला जा. स्लीपरच्या प्रवाशांना युनियन स्टेशनात वेगळी वेटिंग रूम मिळते, चहा-कॉफी असते, मोठ्या बॅगा लगेजमध्ये देता येतात आणि घाई न करता चढता येतं. नेपरव्हिलला गाडी थांबणार थोडाच वेळ. तुमचा गुडघा आणि चार बॅगा तेवढ्यात वर चढवायच्या, म्हणजे जावयाची धावपळ.

आता खोली. आपल्याकडचा बहात्तर बर्थचा स्लीपर डोळ्यांसमोर आणू नका. इथे सरकत्या दाराची बंद खोली मिळते. सगळ्यांत लहान खोलीला रूमेट म्हणतात. रुंदी साधारण साडेतीन फूट, लांबी साडेसहा फूट. दोन खुर्च्या समोरासमोर, मध्ये मोठी खिडकी. रात्री अटेंडंट येतो, दोन्ही खुर्च्या ओढून एकमेकींना भिडवतो, त्यावर गादी टाकतो, चादर-उशी-ब्लँकेट देतो. हा झाला खालचा बेड, रुंदी सव्वादोन फुटांच्या थोडी वर. वरचा बर्थ दिवसभर छताला चिकटलेला असतो, कडी फिरवली की खाली येतो. त्याची रुंदी जेमतेम दोन फूट. त्याला खिडकी नाही आणि उठून बसायला उंची नाही. चढायला बाजूला दोन पायऱ्या, पडू नये म्हणून छताला अडकवायचे पट्टे. दोन्ही बेड उघडले की दाराजवळ एका माणसाला आडवं उभं राहण्याइतकी जमीन उरते. म्हणून कपडे बदलणं, गोळ्या घेणं, दात काढून ठेवणं, सगळं बेड करायच्या आधी उरकायचं.

तुमचे 'हे' म्हणतील, 'मी चढतो वर, त्यात काय.' चढतीलही. प्रश्न रात्री दोन वाजता उतरायचा आहे. रात्री पुरुषांनाही उठावं लागतं, ते कबूल करत नाहीत एवढंच. अंधार, हलणारी गाडी, पाय पायरी शोधतोय आणि खाली तुम्ही झोपलेल्या. रूमेटमध्ये संडासही नसतो. तो बाहेर, कॉरिडॉरमध्ये.

यावर वाटा दोन. एक, बेडरूम नावाची मोठी खोली घ्यायची. त्यात स्वतःचा संडास आणि शॉवर असतो, खालचा बेड बराच ऐसपैस. पण भाव बघून तुम्हीच नको म्हणाल, आणि वरचा बर्थ तिथेही कोणालातरी घ्यावाच लागतो. दुसरी वाट फारशी कोणी सांगत नाही: समोरासमोरच्या दोन रूमेट घ्यायच्या. दोघांनाही खालचा बेड, दोघांनाही खिडकी. दिवसा एकीत बसायचं, दुसरीत सामान. कधीकधी दोन रूमेट एका बेडरूमपेक्षा स्वस्त पडतात. तारीख बदलली की भावही बदलतो, तेव्हा लेकीला दोन्ही ताडून बघायला सांगा.

मजला कोणता, हेही महत्त्वाचं. या गाडीचे डबे दुमजली आहेत. एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट फक्त वरच्या मजल्यावरून, म्हणजे डायनिंग कार आणि काचेच्या छताची लाउंज कार गाठायची तर वर यावंच लागतं. जिना अरुंद, मधे वळणारा. तरी मी तुम्हाला खालच्या मजल्यावरची रूमेट घ्या असंच सांगेन. खाली थोड्याच खोल्या असतात, येणारं-जाणारं कोणी नसतं, आणि बरेचसे संडास नि शॉवर खालीच, तुमच्या दारापासून चार पावलांवर. दिवसा तीनदा जिना चढणं गुडघ्याला परवडेल, रात्री तीनदा नाही. एखाद्या वेळी चढवेनासं झालं तर अटेंडंटला सांगा, तो जेवण खोलीत आणून देतो. मात्र तिकीट काढताना खोली कोणती मिळतेय ते बघा. खालचीच हवी असेल तर ॲमट्रॅकला फोन करून माणसाशी बोलायचं आणि ती मागून घ्यायची.

खोलीला आतून कडी आहे, बाहेरून कुलूप नाही. पासपोर्ट, पैसे कमरेला. मोठी बॅग खोलीत मावत नाही, ती खालच्या रॅकवर राहते. खोलीत फक्त दोन रात्रींची पिशवी.

स्लीपरच्या तिकिटात जेवण धरलेलं असतं, पण तुमच्यासारख्यांना त्याचा उपयोग अर्धाच. शाकाहारी पदार्थ एखादा असतो, तोच पुन्हा दुसऱ्या रात्री समोर येतो. सकाळचा नाश्ता अंड्यांवर चालतो. तुम्ही दुधातल्या दशम्या, मेथीचे ठेपले, तिळाची चटणी, मेतकूट, लाडू असं बरोबर घ्या. खोलीत बसून घरचं खायला हरकत नाही. गरम करायची सोय मात्र नाही, फ्रिजही नाही. गरम पाणी कॅफेत मागितलं की देतात, म्हणून पाणी ओतून होणारे पोहे-उपम्याचे डबे उपयोगी. लसणाची चटणी घरीच ठेवा, बंद खोली आहे. प्लॅटफॉर्मवर चहावाला येईल, वडापाव येईल ही आशा सोडा. तिथे कोणी काही विकत नाही.

तरीही एकदा तरी डायनिंग कारमध्ये जेवायला जा, निदान सॅलड-पाव खायला. चार जणांच्या टेबलावर तुम्हा दोघांसमोर दोन अनोळखी माणसं आणून बसवतात. कोणी नेब्रास्काचा शेतकरी, कोणी विमानाला घाबरणारी आजी. तुमच्या 'ह्यां'नी रेल्वेत नोकरी केली एवढं कळलं की पुढचा तास तुम्हाला बोलायची संधी मिळणार नाही. रेल्वेचे वेडे इकडेही खूप.

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर लक्षात ठेवा, वाटेत घड्याळ दोनदा एकेक तास मागे जातं. गोळ्यांचं घड्याळ शिकागोचंच ठेवा, जेवणाचं गाडीचं.

आता खिडकी. पहिल्या दिवशी मक्याची शेतं, संध्याकाळी बर्लिंग्टनला मिसिसिपी ओलांडते. नेब्रास्का झोपेत जातो, काही गमावत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ च्या सुमाराला डेन्व्हर. तिथे गाडी बराच वेळ उभी असते, पाय मोकळे करा. मग नाश्त्यात वेळ न घालवता लाउंज कारमध्ये जागा धरा. सपाट मैदानातून गाडी वळणं घेत घेत रॉकी पर्वतावर चढते, एकामागून एक बोगदे लागतात आणि मग मॉफॅट टनेल येतो. १९२८ साली सुरू झालेला, जवळजवळ १० किलोमीटर लांब. आत शिरायच्या आधी सांगतात की डब्या-डब्यांतली दारं उघडू नका, नाहीतर इंजिनाचा धूर आत येईल. 'ह्यां'ना हे ऐकून कोण आनंद होईल.

बोगद्यापलीकडे काही वेळानं कोलोरॅडो नदी सोबत येते ती पार युटाच्या हद्दीपर्यंत. लाल-पिवळे कडे, खाली हिरवट पाणी, पलीकडे रस्ताही दिसत नाही असे कितीतरी मैल. ही दरी विमानातून दिसत नाही आणि मोटारीतूनही दिसत नाही. लेकीच्या प्रश्नाचं माझं उत्तर तेच. फक्त एक सूचना: उन्हाळ्यात नदीत रबरी होड्यांतून जाणारी मंडळी गाडी दिसली की पाठ फिरवून विजार खाली करतात. जुनी रीत आहे म्हणे. तुम्ही त्या वेळी दशमीकडे बघा.

तिसऱ्या दिवशी रीनो सोडलं की सिएरा नेवाडा, डॉनर खिंड. या डोंगरात पहिली रेल्वे १८६० च्या दशकात हजारो चिनी मजुरांनी सुरुंग लावून, खडक फोडून आणली, आणि १८६९ मध्ये ती पूर्वेकडच्या लाइनीला जाऊन मिळाली. त्याच सुमाराला, १८६३ मध्ये, आपल्या बोरघाटातून गाडी धावू लागली होती. खंडाळ्याच्या मजुरांची नावं कोणाला ठाऊक नाहीत, इथल्यांचीही फारशी नाहीत.

राहिला उशीर. शिकागो ते डेन्व्हर रूळ बीएनएसएफ या मालगाडी कंपनीचे, पुढे बहुतेक युनियन पॅसिफिकचे. प्रवासी गाडीला आधी वाट द्यायची असा कायदा आहे. पण दीड-दोन मैलांची मालगाडी लूपलाइनीत, म्हणजे बाजूच्या थांबायच्या रुळावर, मावतच नाही, मग बाजूला कोण उभं राहणार? आपणच. दोन-चार तास उशीर धरूनच चाला. मुलाला सांगा, फोनवर गाडी कुठे आहे ते बघूनच एमरीव्हिलला ये. त्याच संध्याकाळी कोणाकडे जेवण, देवळात कार्यक्रम असं काही ठरवू नका. डोंगरात आणि नेवाडात फोनला रेंज नसते, हे लेकीला आधीच सांगा, नाहीतर ती पोलिसांना फोन करेल.

प्रश्न : आई-बाबांना याच गाडीनं एकटं पाठवतोय. इंग्रजी जेमतेम. डब्यातल्या अटेंडंटशी कसं वागायचं, टीप किती द्यायची? बाबांना टीप देणं म्हणजे लाच वाटते.
— अ. जो., पुणे

उत्तर : बाबांना सांगा, ही लाच नाही. रात्रीला दोघांचे मिळून १० ते २० डॉलर, उतरताना हातात द्यायचे. बेड करणं, बॅग उचलणं, स्टेशन आलं की उठवणं हे सगळं तो एकटा करतो.

चढल्या चढल्या त्याचं नाव विचारायचं आणि नावानंच हाक मारायची. यामागे इतिहास आहे. इथे झोपायचे डबे लोकप्रिय केले शिकागोच्या जॉर्ज पुलमन यानं. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना त्यानं पोर्टर म्हणून ठेवलं, आणि प्रवासी त्या सगळ्यांना मालकाच्या नावानं 'जॉर्ज' म्हणत. स्वतःचं नाव वापरायचीही सोय नव्हती. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढाकारानं त्या पोर्टरांनी युनियन काढली, १९३७ मध्ये कंपनीला करार करावा लागला. आपल्याकडची 'ए, पाणी आण' ही सवय त्या डब्यात अजिबात नको.

इंग्रजीचं म्हणाल तर मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी करून द्या: आम्ही मांस, मासे, अंडी खात नाही; बेड ९ वाजता करा; आम्हाला एमरीव्हिलला उतरायचंय; मुलाचा फोन नंबर. चढताना अटेंडंटच्या हातात द्यायची.

प्रश्न : मी विद्यार्थी आहे, स्लीपर परवडत नाही. साध्या डब्यात दोन रात्री बसून निघतील का?
— एक वाचक, शिकागो

उत्तर : निघतील. खुर्ची आपल्याकडच्या चेअर कारपेक्षा बरीच मोठी, मागे कलणारी, पाय टेकायला फळी. लाउंज कार तुम्हालाही खुली. जेवण तिकिटात नाही, ब्लँकेटही मिळत नाही आणि एसी रात्रभर सुरू, तेव्हा जाड शाल आणि कानटोपी घ्या. पहिली रात्र निघते, दुसऱ्या रात्री मान जाते. जमलं तर दोन तिकिटं काढा: शिकागो ते डेन्व्हर एक, आणि मधे एक रात्र मित्राच्या सोफ्यावर काढून दुसऱ्या दिवशी सकाळी डेन्व्हरहून पुढचं. डोंगर दिवसाच बघायला मिळतील. फक्त दुसऱ्या दिवशी ८ च्या आधी स्टेशनवर हजर राहा. गाडी उशिरा येईल या भरवशावर झोपलात तर नेमकी त्या दिवशी ती वेळेवर येते.