मुलगा घोडबंदर रोडवर स्कूटर चालवताना मेसेज टाइप करतो. ही सवय कशी मोडावी?

तो घरातून निघाला की आधी घरच्यांनी त्याला मेसेज करणं थांबवा, आणि फोन खिशाऐवजी डिक्कीत टाकायला लावा. नुसतं रागावून ही सवय जात नाही. ‘कुठे पोचलास?’, ‘येताना दूध आण’ असे मेसेज बहुतेक वेळा आपणच पाठवतो आणि उत्तर लगेच आलं नाही की पुन्हा पाठवतो. त्याला साधा हिशोब दाखवा: ताशी 40 किलोमीटर वेगाने स्कूटर सेकंदाला 11 मीटर पुढे जाते, म्हणजे तीन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं तर 33 मीटर रस्ता न बघता कापला. आणि हँडलवर एकच हात. पातलीपाडा, कासारवडवलीच्या बाजूला शेजारून ट्रेलर जात असताना एक खड्डासुद्धा पुरतो, हे मला खरंच भीतिदायक वाटतं. कायद्याचं बोलायचं तर, 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये चालवताना हातातला फोन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं आहे. त्यात दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे. मात्र रस्ता शोधण्यासाठी, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने फोन वापरायला नियमात मुभा आहे. त्याला मॅप लागतच असेल तर:

- हँडलला पक्का होल्डर
- निघण्याआधीच पत्ता टाकलेला
- ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू

तातडीचं काही असेल तर दोनदा फोन करायचा, आणि त्याने गाडी बाजूला घेऊन, थांबूनच उचलायचा, हे घरात आधी ठरवून घ्या.