बंद असताना किती खर्च येतो ते आधी बघ

अगं, तुझा मेल मिळाला, नेटवर्क कार्डच्या लिनक्स ड्रायव्हरसाठीचा तुझा पॅचही शांतपणे वाचला. लीड म्हणतो हॉट पाथमधलं, म्हणजे प्रत्येक पॅकेटमागे चालणाऱ्या कोडमधलं, सगळं लॉगिंग काढ, सपोर्टवाले म्हणतात तुमचा ड्रायव्हर तोंडच उघडत नाही, कस्टमरकडे पॅकेटं गळायला लागली की आम्ही त्यांना सांगायचं काय, आणि तू नवीन असल्यामुळे दोन्हीकडून ऐकून घेतेयस. मी सपोर्टवाल्यांच्या बाजूने आहे. पण त्यांना जे हवंय ते लीडचा स्पीड जवळजवळ न खाता देता येतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधी लीडला कसली भीती वाटते ते समजून घे. १० गिगाबिटच्या लिंकवर ६४ बाइटच्या छोट्या फ्रेम पूर्ण वेगाने आल्या तर सेकंदाला साधारण १ कोटी ४८ लाख पॅकेटं होतात, म्हणजे एका पॅकेटला ६७ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरवर हे जेमतेम २०० सायकल झाले, आणि एखादी कॅश मिस झाली, म्हणजे डेटा प्रोसेसरजवळच्या कॅशमधे न सापडून थेट रॅमपर्यंत जावं लागलं, की त्यातला बराचसा वेळ तिथेच संपतो. आता त्यात तुझा प्रिंटके, म्हणजे कर्नलमधून मेसेज छापणारा कॉल, टाक. सिरीयल कन्सोल १,१५,२०० बॉडवर असेल तर ८० अक्षरांची एक ओळ बाहेर जायला जवळपास ७ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात वर सांगितलेल्या वेगाने लाखभर पॅकेटं येऊन जातात. तुझी रिंग, म्हणजे आलेली पॅकेटं थांबायची रांग, कितीची आहे? हजार-दोन हजार डिस्क्रिप्टर? मग पॅकेट का गळलं हे सांगायला लिहिलेली ओळच पॅकेटं गाळणार. म्हणजे लीड उगाच ओरडत नाहीये.

पण काढून टाकणं हा उपाय नाही गं. तू स्वतःला एकच प्रश्न विचारत जा, हे डीबगिंग बंद असताना मला किती खर्च येतो? चालू केल्यावरचा खर्च नंतर बघू, कारण चालू करणारा माणूस तेव्हा आधीच अडचणीत असतो आणि थोडा स्पीड द्यायला आनंदाने तयार असतो. लिनक्समधे ट्रेसपॉइंट (कोडमधे ठरावीक जागी ठेवलेली, हवी तेव्हा चालू करायची नोंद) आणि डायनॅमिक डीबग (तसेच चालू-बंद करता येणारे मेसेज) हे दोन्ही स्टॅटिक की, म्हणजे कोडमधेच बसवलेला स्विच, वापरतात. बंद असताना एक्स८६ वर त्या जागी फक्त एक नॉप, म्हणजे काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन, असते, व्हेरिएबल वाचणं नाही की तुलना नाही, आणि चालू केलं की कर्नल स्वतःचा चालता कोड बदलून तिथे जंप बसवतो. चालू-बंद करणं महाग आहे, पण ते महिन्यातून एकदा होणार आणि पॅकेट सेकंदाला कोटीने येणार, तेव्हा हा सौदा डोळे झाकून कर. फक्त एक बघ, तुझ्या पॅचमधे ट्रेसपॉइंटला आर्ग्युमेंट देताना तू एक फंक्शन कॉल केलायस, तो ट्रेसपॉइंट बंद असला तरी चालू शकतो, म्हणून ते काम ट्रेसपॉइंट एनेबल्ड आहे का हे विचारणाऱ्या चेकच्या आत ने, तो चेकही स्टॅटिक कीवरच चालतो.

आता खरा मुद्दा, ड्रॉपचा. पॅकेट नीट पुढे गेलं तर त्याबद्दल कुणालाच काही विचारायचं नसतं, गळलं की मात्र सगळे विचारतात. म्हणून माहिती तिथे गोळा कर. कर्नलमधे एसकेबी, म्हणजे पॅकेट ज्यात ठेवतात तो बफर, सोडायचे दोन रस्ते मुद्दाम वेगळे ठेवलेत, काम झाल्यावर सोडायचं असेल तर कन्झ्यूम एसकेबी आणि टाकून द्यायचं असेल तर केफ्री एसकेबी. तुझ्या ड्रायव्हरमधे ट्रान्समिट पूर्ण झाल्यावरही केफ्री एसकेबी आहे, म्हणजे ड्रॉप शोधायची टूल लावली की प्रत्येक यशस्वी पॅकेट गळाल्यासारखं दिसणार! हे आजच बदल, याला एक पैसा खर्च नाही. आणि कर्नल ५.१७ पासून, म्हणजे २०२२ पासून, ड्रॉप करताना कारणही देता येतं. चेकसम चुकला, सॉकेटच नाही, सॉकेटचा बफर भरला, फिल्टरने अडवलं, असं. त्याआधी फक्त कुठल्या फंक्शनमधे मेलं तेवढा पत्ता मिळायचा, आणि एकाच फंक्शनमधे पाच ठिकाणहून एकाच लेबलवर गोटू मारलेला असला की माणूस रात्रभर सोर्स वाचत बसायचा. तुझ्याही कोडमधे सात एरर एकाच "ड्रॉप" लेबलवर जातात. जंप करण्याआधी कारण एका लोकल व्हेरिएबलमधे ठेव, झालं.

पण सावध, ड्रॉपचा रस्ता नेहमीच मोकळा नसतो. कुणी फ्लड अटॅक केला की तोच हॉट पाथ होतो, तेव्हा तिथे प्रिंटके असेल तर मशीन तुझ्या मेसेजनेच मरेल. मेसेज हवाच असेल तर रेटलिमिट लाव, म्हणजे ठरावीक वेळात मोजकेच मेसेज निघतील, मोजायचं असेल तर काउंटर ठेव. काउंटर ठेवतानाही सगळ्या कोअरना मिळून एक ॲटॉमिक काउंटर नको, ती कॅश लाइन, म्हणजे काउंटर असलेला कॅशचा तुकडा, कोअर-कोअरमधे नुसती पळत राहते. वनाजच्या मेट्रो स्टेशनवर प्रत्येक गेट आपापली माणसं मोजतं, बेरीज कुणी विचारली की मग करायची, तसं पर-सीपीयू कर. वाचणारा दिवसातून चार वेळा वाचतो, त्याला बेरजेचा वेळ लागू दे.

आणि स्पीडसाठी डोळे गमवायचेच असं काही नाही, याचं मला फार आवडणारं उदाहरण म्हणजे ऑर्क अनवाइंडर. स्टॅक ट्रेस, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं ती साखळी, मिळावा म्हणून आधी प्रत्येक फंक्शनमधे फ्रेम पॉइंटर ठेवायचे, त्यामुळे काही वर्कलोड ५ ते १० टक्के हळू व्हायचे. कर्नल ४.१४ मधे, २०१७ साली, ऑर्क आलं आणि तीच माहिती वेगळ्या टेबलमधे गेली, काही एमबी रॅम जाते पण चालत्या कोडवर भार नाही, टेबल फक्त ट्रेस काढताना वाचायचं. तुझं डिझाइन करताना हे डोक्यात ठेव. माहिती लागेल तेव्हा शोधता येईल अशी बाजूला ठेवता येते का, ते आधी बघायचं.

एक्सडीपी, म्हणजे पॅकेट आल्या आल्या ड्रायव्हरमधेच तपासणारे छोटे प्रोग्रॅम, वापरायचं तुमच्याकडे चाललंय म्हणालीस. वापरा, पण सपोर्टला आधीच सांगून ठेव की ड्रायव्हरमधेच एक्सडीपीने टाकलेलं पॅकेट टीसीपीडंपला (पॅकेटं पकडून दाखवणारं टूल) दिसत नाही, कारण टीसीपीडंपचा टॅप त्याच्या नंतर येतो आणि तोपर्यंत एसकेबी बनलेलाच नसतो. वर्षानुवर्षं ज्या टूलवर भरवसा ठेवला ते गप्प बसलं की माणसं केबल बदलत बसतात, मी बघितलंय. तेव्हा तुमच्या प्रोग्रॅममधे प्रत्येक ड्रॉपच्या कारणाला पर-सीपीयू मॅपमधे एक काउंटर हवाच, तो नसेल तर मी रिव्ह्यूला होच म्हणणार नाही.

केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं), लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं) वगैरे रात्रीच्या टेस्ट बिल्डमधे चालव, प्रॉडक्शनला नको, यावर वाद नाही.

लीडशी बोलायला जाशील तेव्हा आकडे घेऊन जा. ६४ बाइटच्या फ्रेम, एक कोअर, तीन रन: जुना कोड, नवीन कोड ट्रेसपॉइंट बंद ठेवून, आणि चालू ठेवून. पहिल्या दोनमधला फरक रन-टू-रन फरकातच बुडाला तर लीडकडे नाही म्हणायला काही उरत नाही. नाही बुडाला तर पर्फचा, म्हणजे वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या टूलचा, आउटपुट मला पाठव, आणि त्याआधी पाहोल (स्ट्रक्चरची मांडणी दाखवणारं टूल) चालवून तुझं नवीन फील्ड कुठल्या कॅश लाइनवर बसलंय ते बघ, मला तिथेच शंका आहे. शनिवारी सकाळी मी कोथरूडलाच आहे, लॅपटॉप घेऊन आलीस तर एकत्र बघू.