अवकाश कणीदार आहे का, हे तपासायचं कसं?

प्रश्न : अवकाश कणीदार असेल तर ते कण प्लांक लांबीएवढे मानले जातात. ही लांबी इतकी सूक्ष्म, की कुठलाच त्वरक (कणांना प्रचंड वेग देऊन आदळवणारं यंत्र) तिथे पोचणार नाही. मग क्वांटम गुरुत्वाचे (गुरुत्वाला अतिसूक्ष्म जगाच्या नियमांत बसवणारे) सिद्धांत पडताळतात कसे?
– एक विद्यार्थिनी, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : इथे अंतर कामाला येतं. कणीदार अवकाशाच्या काही प्रारूपांनुसार जास्त ऊर्जेचा फोटॉन (प्रकाशाचा कण) किंचित मागे पडतो; प्रवास लांब असेल तर हा उशीर साचत जातो. हिशेब वहीत करून पाहाच : फोटॉनची ऊर्जा भागिले प्लांक ऊर्जा (१.२२ गुणिले १०चा १९वा घात जीईव्ही; जीईव्ही हे ऊर्जेचं एकक), गुणिले प्रवासाचा काळ. १० मे २००९च्या गॅमा-किरण स्फोटातला (दूरच्या आकाशगंगेतल्या प्रचंड स्फोटातला) ३१ जीईव्हीचा फोटॉन फर्मी या अवकाश दुर्बिणीने टिपला. प्रवास सुमारे ७३० कोटी वर्षांचा. उशीर येतो अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. विश्वाचं प्रसरण धरलं की आणखी वाढून सेकंदाच्या वर जातो. प्रत्यक्षात तो स्फोट सुरू झाल्यावर सेकंदाच्या आतच पोचला. एवढ्या एका फोटॉनने कितीतरी प्रारूपांची कोंडी केली!

खरी अडचण वेगळी. फोटॉन उगमापाशीच उशिरा निघाला असेल तर? म्हणून वेगवेगळ्या अंतरांवरचे स्फोट तपासावे लागतात : अवकाशामुळे होणारा उशीर अंतराबरोबर ठरावीक सूत्राने वाढेल, उगमातला तसा वाढणार नाही. उशीर ऊर्जेच्या वर्गावर (ऊर्जा गुणिले ऊर्जा) अवलंबून असेल, तर मात्र तो आजच्या उपकरणांच्या क्षमतेच्या फार खाली राहतो.