इगतपुरीचं डोंबिवलीत टिकेना

प्रश्न : मी एकेचाळीस वर्षांची, राहणार डोंबिवली, नोकरी फोर्टात. गेल्या दिवाळीनंतर इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं ध्यानशिबिर केलं. परतल्यावर तीन आठवडे पहाटे साडेचारला उठून तासभर बसत होते. मग मुलाची परीक्षा आली आणि सुटलं. आता पुन्हा बसते, तर पाच मिनिटांत डुलक्या. दात आवळून बसलं की डोकं चढतं. परवा बैठकीवरून उठले आणि लगेच डब्यावरून मुलावर किंचाळले. यजमान म्हणाले, "दहा दिवस हेच शिकलीस?" माझे कष्ट कमी पडतात, की हे माझ्यासारखीसाठी नाहीच?

उत्तर : आधी एक सांगा, रात्री झोपता किती वाजता? पत्रात उठायची वेळ आहे, झोपायची नाही. ओटा आवरून बारा वाजत असतील तर त्या डुलकीला साधनेतला अडथळा म्हणू नका. शरीर थकबाकी वसूल करतंय. बैठक संध्याकाळी हलवा, जेवणाच्या आधी. तरीही डोळे मिटायला लागले तर चार-सहा श्वास मुद्दाम जोरात घ्या, नाहीतर सरळ उठून तोंडावर पाणी मारा.

शिबिरात घंटा दुसरं कोणी वाजवतं, ताट दुसरं कोणी वाढतं. फोन जमा, नऊ दिवस मौन, रोज दहा तासांहून जास्त बैठक. साडेतीन दिवस नुसता श्वास पाहायचा, तेव्हा कुठे पुढची विद्या, अंगावरच्या संवेदना पाहायची. तिथलं मन घरी जसंच्या तसं शोधणं म्हणजे माहेरपणाची झोप सासरी मागणं. चौथ्या दिवसापासून हात-पाय न हलवता, डोळे न उघडता तासभर बसायचं अधिष्ठान असतं, ते तुम्ही घरी आणलंत आणि त्याच्यासोबत शिकवलेली समता, म्हणजे जे होतंय ते न चिडता पाहणं, तिथेच विसरून आलात. दात आवळणं हा प्रयत्न नव्हे, ती डुलकीवरची चीड आहे.

सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा, असं तिथे सांगतात. मला मुलं लहान असताना ते कधीच जमलं नाही, हे कबूल करते. अर्धा तास जमायचा, तोही कुकरच्या शिट्ट्या मोजत. पण वेळ सोडली नाही.

मी टपाल खात्यात काउंटरला होते. शिबिर करून वर्ष झालं असेल. एका गृहस्थांनी सुट्ट्या पैशांवरून पावती माझ्या अंगावर भिरकावली. कानामागे चटका बसल्यासारखं झालं, मान ताठली, आणि ते होताना मला कळलं. म्हणून मी गप्प बसले असं समजू नका, चांगलं सुनावलं त्यांना! पण पुढच्या माणसाचं पाकीट वजनाला ठेवलं तेव्हा कान गार झाले होते. पूर्वी असा राग लोकलमधून घरी यायचा आणि रात्रीच्या आमटीत उतरायचा. बदल झाला तो एवढाच, आणि तो बैठकीत दिसला नव्हता. तुम्हीही किंचाळण्याची नोंद ठेवलीत, ते किती वेळ टिकलं याची ठेवली नाहीत. मुलाला जवळ कधी घेतलंत? त्याच सकाळी, की दोन दिवसांनी?

'माझ्यासारखीसाठी' हा शब्द मात्र मला खटकला. ही शिबिरं सुरू करणाऱ्या गोएंका गुरुजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे संसारी गृहस्थ, स्वतंत्र ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल. सरकारी हिशेब सांभाळून ते कचेरीतल्या माणसांनाच ध्यान शिकवत. अर्थात त्यांना डब्याची पोळी लाटायची नव्हती, हेही खरं.

एकटीने होत नसेल तर जुन्या साधकांची साप्ताहिक सामूहिक साधना जवळपास कुठे असते ते केंद्राला विचारा. चार माणसांत तास जातो.

यजमानांना सांगा, काय शिकले ते दहा वर्षांनी विचारा. तोवर संध्याकाळचा कुकर त्यांनी लावावा, म्हणजे तुम्हाला तेवढी वीस-पंचवीस मिनिटं मिळतील.